गेटच्या आतलं घर

परवाच्या रविवारी आम्ही सँपल फ्लॅट बघायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, कन्यारत्न आणि आई. आई एरवी कुठे जायचं म्हटलं की गुडघ्याचं कारण सांगते, पण "तिथे लिफ्ट आहे" म्हटल्यावर सकाळी नऊलाच साडी नेसून तयार!

जागा शहराच्या टोकाला. २०२१ साली महापालिकेत जी २३ गावं घेतली, त्यातल्याच एका गावात. रस्ता संपत आला असं वाटतं तेवढ्यात एकदम कमान लागते. कमानीखाली गाडी थांबवली. नंबर लिहून घेतला, माझा फोटो काढला, मोबाइलवर आलेला आकडा सांगितला, मग दांडा वर झाला. पुढे वळणावर परत एक दांडा. तिथे परत नाव, गाव, काम.

आई मागून म्हणाली, "इथे कोण राहतं रे? कलेक्टर?"

आतलं सगळं मात्र खरोखर सुंदर होतं, उगाच नाक का मुरडा. हिरवळ, चालायला मऊ रस्ता, पोहण्याचा तलाव, म्हाताऱ्या माणसांसाठी सावलीत बाकं. सँपल फ्लॅट तर असा की तिथे चपला घालून उभं राहायला लाज वाटावी. दाखवणारा मुलगा चुणचुणीत होता. दर दोन वाक्यांनंतर 'लाइफस्टाइल' म्हणत होता, पण माहिती चोख देत होता. शेवटी बाल्कनीत उभं करून तो म्हणाला, "सर, मेन पॉइंट म्हणजे सिक्युरिटी. इथे बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही."

बायकोने मान डोलावली. मीही डोलावली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आजचा हा लेख म्हणजे त्या वाक्यामागे लागून मी कुठे कुठे फिरून आलो त्याची हकीगत आहे. नेहमीच्या वाचकांना माझी खोड माहीतच आहे. घर बघायला निघालो तरी मी शेवटी पेशवाईत पोचतो!

आधी आमची अडचण सांगतो, म्हणजे हे हौसेचं प्रकरण नाही हे लक्षात येईल. आम्ही राहतो ती कोथरूडमधली सोसायटी १९७८ सालची. बारा बिऱ्हाडं, तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. छत्तीस पायऱ्या. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती त्या मोजत चढते. अठराव्या पायरीवर थांबते, दोन मिनिटं खिडकीतून बाहेर बघते (म्हणजे दम खाते, पण तसं म्हणायचं नाही), मग पुढच्या अठरा. गेल्या वर्षभरात तिचं खाली उतरणं आठवड्यातून दोनदावर आलंय. त्यामुळे लिफ्ट हा आमच्याकडे चैनीचा विषय नाही.

आता हिशेब. फ्लॅटची किंमत एक कोटी पंच्याऐंशी लाख. स्टँप ड्युटी सात टक्के, म्हणजे तेरा लाखांच्या आसपास (बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, हे तिने मला त्या मुलाच्या आधी सांगितलं). बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी पाच टक्के, सव्वानऊ लाख. नोंदणी आणि पार्किंग वेगळं. आत्ताचा फ्लॅट विकणं आईच्या डोळ्यांदेखत शक्य नाही, तेव्हा साठवलेलं सगळं ओतून वर एक कोटी वीस लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरलं तर महिना एक लाख चार हजारांचा हप्ता. वीस वर्षांत बँकेला जाणार अडीच कोटी. शिवाय मेंटेनन्स महिना साडेनऊ हजार, आणि तो कर्ज फिटल्यावरही संपत नाही. मी आज पन्नाशी ओलांडलेला माणूस. बँकवाल्याने माझं वय ऐकून जो चेहरा केला तो मला कर्जापेक्षा जास्त लागला. असो.

म्हणजे पैशाच्या अंगाने विचार केला तर जड, पण अगदीच अशक्य नाही. मग उरला तो प्रश्न असा की या पैशात नेमकं काय विकत मिळतंय? खोल्या तर कुठेही मिळतात. जादा पैसे आहेत ते कमानीचे, त्या दोन दांड्यांचे आणि 'बाहेरचा माणूस येऊ शकत नाही' या वाक्याचे. ते वाक्य खरं आहे का, आणि खरं असेल तर आपल्याला हवं आहे का?

पुण्याच्या माणसाला हे प्रश्न नवे असायचं कारण नाही. आज आपण 'टाउनशिप' म्हणतो तशा वस्त्या वसवण्याचा उद्योग पेशवाईत जोरात होता. त्यांना पेठा म्हणायचे. कोणी सरदार किंवा खुद्द पेशवे मोकळ्या रानात जागा आखायचे आणि व्यापारी, कारागीर येऊन राहावेत म्हणून काही वर्षांच्या करमाफीचा कौल द्यायचे. आजच्या भाषेत लॉंच ऑफर! आणि वसवणाऱ्याचं नाव वस्तीला लागायचं. शिवपुरीची रास्ता पेठ झाली, हनुमान पेठेची नाना पेठ झाली. आपल्या बिल्डरांनी टॉवरला स्वतःची नावं दिली की आपण हसतो, पण परंपरा जुनी आहे.

गेटवरचं रजिस्टरसुद्धा जुनंच. शहरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवणं हे कोतवालाच्या कामांपैकी एक होतं. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी. त्यानंतर सापडला तो माणूस सकाळपर्यंत कोठडीत. शहर सुरक्षित राहावं म्हणूनच केलेली व्यवस्था, आणि चोऱ्या कमी झाल्या तर कोणाला नको असतं? पण १७९१ साली काय झालं ते तेंडुलकरांच्या नाटकामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाहेरून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना घाशीराम कोतवालाच्या माणसांनी पकडून कोंडलं. एवढ्याशा कोठडीत इतकी माणसं की कित्येक जण गुदमरून मेले. शहर खवळलं आणि शेवटी जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं.

मला यात कायम एक गोष्ट खटकते. जे मेले ते 'बाहेरचे' होते. त्यांना ओळखणारं, "अहो, हे आमच्याकडे आलेत" असं सांगणारं कोणी त्या रात्री कोठडीच्या दाराशी नव्हतं. ज्याला ओळख देणारं कोणी नाही तो चोर, असा सरळ हिशेब. गेटवर उभं राहून मोबाइलवरचा आकडा सांगताना मला हे आठवलं. माझ्याकडे आकडा होता म्हणून ठीक.

आता सगळ्या पुण्यातलं सगळ्यात भक्कम गेट कोणतं? उत्तर शाळकरी पोरही देईल. शनिवारवाडा. पायाभरणी १७३० साली, वास्तुशांत १७३२ साली, खर्च १६,११० रुपये असं सांगतात. पुढे भोवती तट झाला. पाच दरवाजे. दिल्ली दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून माणसाच्या डोक्याच्या वर टोकदार खिळे. मोठा दरवाजा रोज उघडत नसत, त्याच्यातच एक छोटी दिंडी, म्हणजे वाकून आत शिरावं लागणार. आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या. आमच्या त्या चुणचुणीत मुलाने ज्याला 'थ्री लेअर सिक्युरिटी' म्हटलं, त्याच्या चौपट तरी बंदोबस्त.

आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच बंदोबस्तात, याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय जेमतेम अठरा. ऐन गणपतीचे दिवस. मारणारे गारदी वाड्याच्याच चाकरीतले होते. थकलेल्या पगाराचा गोंगाट करत ते आत शिरले असं सांगतात. नारायणराव पळत गेले ते सख्ख्या चुलत्याच्या, राघोबादादांच्या खोलीत, आणि त्यांच्याच नावाने हा कट होता. म्हणजे बघा, त्या दिवशी बाहेरचा माणूस कोणी आलाच नव्हता. हत्यार चाकरीतलं आणि कट घरातला. दरवाजावरचे खिळे जागच्या जागी होते.

पुढे १८२८ साली आग लागली आणि आतला लाकडी वाडा जळून गेला. राहिले काय, तर तट आणि दरवाजे. आज आपण तिकीट काढून जे बघतो ते गेटच आहे, घर नाही.

मी हे जेवताना घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे वॉचमन आपला खून करेल असं तुझं म्हणणं आहे?" तसं माझं म्हणणं अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की गेट उघडतं आणि बंद होतं ते माणसांच्या हातांनी. त्या टाउनशिपच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या मुलाला किती पगार मिळतो, तो वेळेवर मिळतो का, त्याला लघवीला जायला जागा आहे का, हे प्रश्न मी त्या दिवशी विचारले नाहीत. किचनच्या ओट्याचा दगड कोणता हे मात्र तीनदा विचारलं. एक कोटी पंच्याऐंशी लाखांची सुरक्षितता ज्याच्या भरवशावर आहे तो माणूस आमच्या यादीतच नव्हता.

आई हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या वाड्यालाही होती की दिंडी."

आईचं माहेर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. वाडा दुसऱ्याचा, हे लोक बिऱ्हाडकरू. दोन खोल्या आणि ओसरीचा एक तुकडा. मी लहानपणी तो वाडा पाहिलाय, पण आठवणीत फक्त अंधारा जिना आणि वास. आईला सगळं लख्ख आठवतं. रात्री साडेनऊला दिंडी बंद व्हायची, मग आडवा अडसर. आणि हे काम मालकाचं नव्हतं. नऊ बिऱ्हाडं होती, पाळीपाळीने ज्याचा आठवडा असेल त्याने कडी लावायची. कोणी सिनेमाला गेलं असेल तर पाळीवाल्याला सांगून जायचं. तो जागा राहायचा. "आणि शिव्याही घालायचा," असं आई म्हणते.

हे ऐकून मी जरा हळवा झालो होतो. वाडा संस्कृती, एकोपा वगैरे मनात जुळायला लागलं होतं. आईने ते पाणी ओतून विझवलं. "एकोपा कसला? नऊ बिऱ्हाडांना दोन संडास. सकाळी डबा घेऊन रांग. नळाला पाणी आलं की भांडणं. आणि मैला न्यायला बाई यायची ना, ती दिंडीतून नाही हो यायची. मागच्या बोळातून तिला वेगळं दार होतं. मला वाटतं बारा वर्षं मी तिला रोज पाहिलं असेल. नाव माहीत नाही."

नाव माहीत नाही. मी गप्प बसलो. कारण त्याच रविवारी सँपल फ्लॅटच्या मजल्यावर आम्ही दोन सुंदर लिफ्ट पाहिल्या होत्या आणि कोपऱ्यात एक तिसरी. "ती सर्व्हिस लिफ्ट, मॅडम. मेड, डिलिव्हरी, कचरा. मेन लिफ्ट क्लीन राहते." कचरा आणि मेड एका वाक्यात. तेव्हा आम्हाला ते सोयीचं वाटलं होतं. मागच्या बोळातलं दार आता स्टेनलेस स्टीलचं झालंय, एवढाच काय तो फरक.

पाण्याचंही तसंच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ काढून पाणी शहरात आणलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून रस्त्यांवर ऐकू येतात. अठराव्या शतकात डोंगरातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर शहराच्या मध्यात आणणं ही मोठीच गोष्ट. पण हौदावर कोणी यायचं आणि कोणी यायचं नाही हे ठरलेलं होतं. पाणी वाहत यायचं, माणूस मात्र लांब उभा. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. आपण हे शाळेत एका ओळीत शिकतो आणि पुढे जातो. पण जरा विचार करा, त्यांनी सभा घेऊन दुसऱ्याचा हौद खुला करायला सांगितलं नाही, स्वतःच्या अंगणातला केला. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा ठराव टाकून बघा म्हणजे कल्पना येईल.

(टाउनशिपच्या पाण्याचं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "सर, कॉर्पोरेशनचं येईल. तोपर्यंत टँकर आहेत." तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे काही कळलं नाही.)

वाडे गेले ते का, हे सगळ्यांना माहीत आहे. भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना, मुलं वाढली. प्लेगच्या साथींनी एकदा लोकांना गावाबाहेर झोपड्या बांधून राहायला लावलंच होतं. मोकळ्या हवेची चव लागली ती तिथून. मग ज्यांना जमलं त्यांनी नदीपलीकडे बंगले बांधले. आईच्या वाड्याचा निकाल मात्र एका दिवसात लागला. १२ जुलै १९६१, पानशेत. आई तेव्हा चौदा वर्षांची. दुपारी परत आलेल्या लोकांनी सांगितलं, दिंडी तेवढी उभी आहे. मागच्या भिंती बसल्या होत्या. म्हणजे आमच्याही घराण्यात शेवटी गेटच उरलं!

पण आईची पुराची गोष्ट दिंडीची नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी ते सात जण चढाच्या दिशेने चालत सदाशिव पेठेत गेले. एका वाड्याच्या दारात एक बाई उभी होती. ओळख ना पाळख. "आत या," म्हणाली. पाच दिवस हे तिच्याकडे राहिले. आईने तिथे पहिल्यांदा साबुदाण्याची थालीपीठं खाल्ली, ती तिला अजून आठवतात. आजोबांनी नंतर पैसे द्यायचा प्रयत्न केला तर त्या बाई रागावल्या. पुढे कितीतरी वर्षं दर दिवाळीला आजी तिच्याकडे फराळाचा डबा पाठवायची. 'बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही' या वाक्यावर आई त्या दिवशी गाडीत काहीच का बोलली नाही, हे मला आता कळलं.

वाड्यांनंतर आल्या सोसायट्या. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या पहिल्या काही संस्थांमध्ये तिचं नाव येतं. कल्पना फार मोलाची होती. मालक कोणी एक नाही, आपणच मालक आणि आपणच भाडेकरू. मध्यमवर्गाला डोक्यावर छप्पर मिळालं ते या कल्पनेमुळे. पण 'आपण' म्हणजे कोण, हे बऱ्याच ठिकाणी ज्ञातीवरून ठरायचं. २००५ साली सुप्रीम कोर्टासमोर अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचं प्रकरण आलं, तेव्हा सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा पोटनियम कोर्टाने ग्राह्य धरला. म्हणजे कागदावरचंही एक गेट असतं आणि त्याला दांडा लागत नाही.

आमची सोसायटी अशी कुठल्या ज्ञातीची नव्हती, पण वडिलांच्या बँकेतले आठ आणि त्यांच्या ओळखीचे चार अशीच ती जमली. १९६३ च्या मोफा कायद्याने फ्लॅट विकत घेणाऱ्याला थोडं संरक्षण दिलं होतं. इमारत झाली की बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची, हे त्यात होतं. आमच्या बाबतीत ते झालं. वडील त्यासाठी दोन वर्षं हेलपाटे घालत होते. त्यांच्या पिशवीतला तो कागद अजून कपाटात आहे. बाराजणांच्या नावावर एक लहानसा तुकडा, पण तुकडा आमचा.

म्हणून मी त्या मुलाला विचारलं, इथली जमीन कोणाची होणार? रेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, बरीच सुधारणा आहे. कार्पेट एरिया सांगावाच लागतो, घेतलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने दुरुस्त करायचा. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. जमिनीचं म्हटल्यावर म्हणाला, "सगळे फेज पूर्ण झाले की सगळ्या सोसायट्यांच्या फेडरेशनच्या नावावर होईल, सर." फेज किती? सात. आत्ता चालू कितवा? दुसरा. तोपर्यंत रस्ता, बाग, क्लब आणि ते गेट कंपनी नेमेल ती एजन्सी सांभाळणार. आईच्या वाड्यात मालक दुसरा होता पण कडी बिऱ्हाडकरूंच्या हातात होती. इथे मालक आपण आणि कडी दुसऱ्याच्या हातात. कॅल्क्युलेटरमध्ये हे कुठे टाकायचं?

आणि या जमिनीवर आधी काय होतं? हडपसरला मगरपट्ट्याची गोष्ट वेगळी घडली. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपासची जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. टाउनशिप झाली ती त्यांचीच. म्हणजे हे करता येतं. पण असं उदाहरण शोधायला गेलं तर परत परत तेच एक नाव का घेतलं जातं, यातच बाकीच्यांचं काय झालं ते कळतं. आम्ही परत निघालो तेव्हा दुसऱ्या दांड्यापाशी एक पन्नाशीचा पहारेकरी होता. आईने काच खाली करून विचारलं, "कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "इथलाच. त्या तलावाच्या जागी विहीर होती, तिथवर आमचं." तक्रारीचा सूर नव्हता. पैसे मिळाले होते, त्यातून घर झालं, बहिणीचं लग्न झालं, गाडी झाली, पैसे संपले. पोरगा आतल्या क्लबमध्ये कामाला आहे म्हणाला. मग दांडा वर केला आणि सलाम ठोकला. आपल्याच विहिरीवरून आम्हाला जायला वाट दिली त्याने.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी स्वतःला फार शहाणा समजतो. तर शेवटची गोष्ट आमच्याच सोसायटीची. मार्च २०२०. आमच्याकडे कमान नाही, पहारेकरी नाही. पण टाळेबंदी लागली तशी आम्ही बाराजणांनी फाटकाला नायलॉनची दोरी बांधली आणि पाटी लावली, बाहेरच्यांना प्रवेश नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी चौदा वर्षं येत होत्या. एप्रिलमध्ये त्या पगाराला आल्या तेव्हा मी पाकीट दोरीवरून दिलं. हात लांब करून. त्या पाकिटात पूर्ण पगार होता, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि मी आत, हे काही बदलत नाही. घाबरलेला माणूस दोरीचंही गेट करतो. तेव्हा टाउनशिपवाल्यांना नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही.

तर निकाल काय? टोकन द्यायची मुदत ३१ तारखेपर्यंत होती. बायको आणि मी दोन रात्री बसलो. तिचं म्हणणं चूक नाही. ती म्हणते, इतिहास ठीक आहे, पण आईंना छत्तीस पायऱ्या चढाव्या लागतात तो वर्तमान आहे. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "मला लिफ्ट हवी. तलाव नको, क्लब नको. आणि तुझ्या मावशीला माझ्याकडे यायला मोबाइलवर आकडा लागत असेल तर ती येणार नाही. तिच्याकडे तसला मोबाइल नाही आणि तिला ऐकूही येत नाही."

एक कोटी पंच्याऐंशी लाखांच्या हिशेबात मावशीचा रकाना नव्हता. तो घातल्यावर बेरीज बदलली. आम्ही टोकन दिलं नाही.

पण मग लिफ्टचं काय? गेल्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग घेतली. जिन्याच्या बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवता येईल का, हे बघायला आर्किटेक्ट येऊन गेले. येईल म्हणाले, परवानगी मिळाली तर. आता प्रश्न पैशांचा. तळमजल्यावरची तीन बिऱ्हाडं म्हणतात, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, आम्ही वर्गणी का द्यायची? कायद्याने कोणाचं बरोबर हे मी अजून बघितलेलं नाही. पण वर राहणाऱ्यांपैकी एकाने लगेच जोरात सुनावलं, "मग तुम्ही गच्चीवरही येऊ नका." बाराजणांतही आतले आणि बाहेरचे पडायला पाच मिनिटं लागली.

काल संध्याकाळी आई खाली उतरली. छत्तीस पायऱ्या, मध्ये खिडकी. तळमजल्यावरच्या काकूंकडे गेली. लिफ्टचं काही बोलणार नाही असं मला बजावून गेली होती. तास झाला तरी वर येईना म्हणून मी बघायला गेलो, तर दोघी ओटा आवरत होत्या आणि काकू आईला सांगत होत्या की त्यांच्या धाकट्या बहिणीलाही पानशेतच्या वेळी असंच कोणीतरी ठेवून घेतलं होतं.

लिफ्टचं अजून ठरलेलं नाही. रविवारी परत मीटिंग आहे.